घरी परतल्यानंतरची विचारपूस
(पापडी, ता. वसई येथे केलेले भाषण)



रुग्णालयाच्या दप्तरी ‘घरी पाठविले’ असा शेरा पडला की प्रकरण निकाली निघाले, असे आपण समजतो. वस्तुतः परतलेल्या माणसाची खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

आपल्याला जवळचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. अशा संस्थांत बरी झालेली माणसेही वर्षानुवर्षे राहिली. केवळ कुटुंबाने नाकारले किंवा घरदार नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही तेथे ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे कलम १९ सांगते. परंतु जागा बदलणे म्हणजे समाजात राहणे नव्हे. रुग्णांना भिक्षेकरीगृहांसारख्या ठिकाणी हलविणे थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये महाराष्ट्राला बजावावे लागले.

पाठपुरावा नसेल तर काय होते? दक्षिण आफ्रिकेच्या गाउटेंग प्रांतात २०१६ मध्ये मनोरुग्णांना घाईघाईने अपुऱ्या सोयींच्या संस्थांत हलविण्यात आले. त्यांपैकी १४४ जण दगावले. याउलट लंडनच्या फ्रायर्न व क्लेबरी रुग्णालयांतून बाहेर पडलेल्यांची अभ्यासकांनी पाच वर्षे विचारपूस केली. आजाराची लक्षणे फारशी बदललेली नव्हती. मात्र स्नेहीसोबती वाढले होते आणि बहुतेकांना नवे घरच हवे होते. केवळ लक्षणे मोजली असती, तर हे सुख कोणत्याही तक्त्यात दिसले नसते.

म्हणून प्रश्न साधे असावेत, आणि ते प्रथम त्या व्यक्तीलाच विचारावेत. औषध वेळेवर मिळते काय? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे कोणाच्या हाती पडतात? बाजारात एकटे जाता येते काय? शिधापत्रिकेत व मतदारयादीत नाव आहे काय? या महिन्यात आपुलकीने कोण बोलले? येथे राहावेसे वाटते काय?

पहिल्या वर्षी दरमहा व पुढे दर तीन महिन्यांनी आशा सेविकेने ही विचारपूस करावी. उणीव आढळताच आरोग्य केंद्रास कळवावे आणि केलेल्या उपायाची तारीख नोंदवावी. पंचायत सदस्यांनी शिधापत्रिकेचे व अनुदानाचे अडलेले काम पुढे न्यावे. शिक्षकांनी मुलांच्या तोंडचे ‘वेडा’ हे विशेषण घालवावे.

मात्र ही नोंद म्हणजे पहारा नव्हे. ती संमतीनेच घ्यावी, गुप्त ठेवावी. चावडीवर तिची चर्चा होऊ नये.

किती जणांना सोडले, हा आकडा रुग्णालय देईल. किती जण सुखाने नांदत आहेत, याचे उत्तर मात्र आपल्या गावांनीच द्यावयाचे आहे.