भाकर आधी, उपदेश मागून



२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचे काय केले, हे तुम्हांला मी सांगायला नको. बोंड वरून हिरवेगार, फोडले की आत किडके. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या सहा एकरांतही तेच झाले. मी अमरावतीला कॉलेजात शिकवतो. त्या वर्षी नाताळाला घरी गेलो, तर वडील बोलेनासे झाले होते. रात्री अंगणात येरझारा चालायच्या. ताट तसेच राहायचे. एकदाच म्हणाले, "आता माह्यानं काही होत नाही. मी नसलो तं बरं."

मी पडलो शिकलेला माणूस. हिशेब मांडू लागलो, पुढच्या हंगामाच्या गोष्टी सांगू लागलो, मग देवावर भरवसा ठेवा म्हणालो. त्यांनी तोंड फिरवले. आई चुलीपासून म्हणाली, "आधी त्याइले दोन घास खाऊ दे, मंग बोल."

आमचे घर ख्रिस्ती. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरके झालेले माझे पणजोबा अकोल्याला मिशनच्या अनाथालयात वाढले. दिवेलागणीला बायबलातला एखादा उतारा आणि प्रार्थना, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. त्या रात्री वाचायची पाळी माझी होती. आईच्या बोलण्यावरून मला एलीयाची गोष्ट आठवली.

एलीया हा मोठा संदेष्टा. राणी जिवावर उठली म्हणून रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता माझा प्राण घे. देवाने काय करावे? रागावला नाही, उपदेशही केला नाही. एलीया झोपला होता. देवदूताने त्याला हलवून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो जेवला आणि परत झोपला. दुसऱ्यांदाही तेच. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देवाने विचारला तो चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर!

मी ही गोष्ट लहानपणापासून वाचत आलो. अर्थ मात्र आईने चुलीपाशी शिकवला.

काळा विचार वादाने हटत नाही. आपण एक मुद्दा मांडावा, तो दहा मांडतो. श्रद्धेचा उपयोग होतो तो निराळ्या तऱ्हेने. गाऱ्हाणे घालायला कोणीतरी असते. दीडशे स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रे पुष्कळ आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवले आहे. तुकोबा विठ्ठलाशी भांडले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. रडणे म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे दुःखी माणसाला सांगू नये. फार जण सांगतात.

दुसरा उपयोग म्हणजे नेम. मन असो नसो, ठरल्या वेळी ठरलेले काम. मोझरीला तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची वेळ बांधून दिली, त्यातही हेच मर्म असावे. लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय लिहीत गेल्या. दुःख सरल्यावर लिहू म्हणत बसल्या असत्या, तर ओळ झाली नसती.

पण एवढ्यावर भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. धाकट्या भावाने त्याच रात्री फवारणीचे औषध कुलपात टाकले आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. पंधरा दिवसांनी वडिलांना अकोल्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. भावकीत कुजबुज झाली, होऊ दिली. गोळी आणि प्रार्थना एकाच घरात सुखाने नांदतात. टेली-मानसचा १४४१६ हा फोन दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवावा, ही शिक्षकबंधुभगिनींना विनंती. आणि एखादे पोर किंवा त्याचा बाप गप्प झालेला दिसला, तर मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट पुष्कळांना हायसे वाटते. मग त्याला एकटे सोडू नये.

वडील त्या वर्षी प्रार्थनेला नुसते बसत. ओठ हलत नसत. आईने त्यांना एक जुनी वही दिली, दिवसाचे काम रात्री त्यात लिहायला. पहिले कितीतरी दिवस पाने कोरीच होती. मग एके दिवशी 'गाय पाजली' एवढेच आले.

वही अजून चालू आहे. परवा गावी गेलो तेव्हा हळूच उघडून पाहिली. लिहिले होते, 'डवरणी झाली. पाऊस नाही. बैल लंगडते.'