शिक्षकांचे शिक्षक



गणपतीपुळ्याला आलेली बरीच मंडळी वाट थोडी वाकडी करून मालगुंडला केशवसुतांचं घर पाहायला येतात. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या इथल्या स्मारकाचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. कवी केशवसुत सर्वांना ठाऊक आहेत. मला आज बोलायचं आहे ते त्यांच्यातल्या कृष्णाजी केशव दामले या शाळामास्तरांविषयी, आणि त्या निमित्ताने मास्तर घडवणाऱ्यांविषयी.

दामल्यांच्या घरात शिकवणं वडिलांपासूनच होतं. कृष्णाजी १८८९ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे खानदेशात शिक्षक, फैजपूरला मुख्याध्यापक, मग धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक. १९०५ साली हुबळीस प्लेगाने त्यांचा अंत झाला. धाकटे बंधू मोरो केशव यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. मराठी शिकवणाऱ्याला आजही त्या ग्रंथाकडे वळावं लागतं.

विषय आला की शिकवता येतं, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही ती पुरती गेलेली नाही. आपल्या कोकणातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांकडे १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची जबाबदारी आली, पण ते दुसऱ्याच वर्षी गेले. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईचं ट्रेनिंग कॉलेज निघालं १९०६ मध्ये, आणि विद्यापीठाची बी.टी. पदवी त्यानंतरची. मात्र एकदा मनावर घेतल्यावर हे विद्यापीठ पुढे राहिलं. १९३६ मध्ये एम.एड. सुरू झालं, आणि शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. १९४३ साली इथेच मिळाली.

विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतले प्राध्यापक करतात काय? ते वर्गात शेवटच्या बाकावर वही घेऊन बसतात. पुढे बी.एड.चा विद्यार्थी सराव पाठ घेत असतो, हात थरथरत असतो, टाचणातलं अर्धं विसरलेलं असतं. प्रश्न कुणाला विचारला, उत्तर यायच्या आत दुसरा विचारला का, मागच्या मुलीकडे किती वेळा पाहिलं, हे सारं ते टिपतात आणि नंतर शांतपणे समजावून सांगतात. हे काम कुठल्याही अहवालात नीट मावत नाही. मला मात्र विद्यापीठातल्या मोलाच्या कामांपैकी हे एक वाटतं.

संशोधनाचीही कामगिरी मोठी आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम. बी. बूच यांनी देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा आढावा १९७४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि कुणी काय शोधलं ते एका जागी सापडू लागलं. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेतून चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत प्रयोग केला. दिवसा गुरं राखणारी, घरकाम करणारी मुलं रात्रीच्या वर्गाला यायची आणि शिकवायला गावातलंच माणूस असायचं. शाळेच्या वेळेला मुलं येत नसतील तर वेळ बदलावी, इतकी साधी गोष्ट. पण ती करून दाखवायला अभ्यासकाला गावात जाऊन राबावं लागलं.

असं संशोधन आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळेपर्यंत पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं. दोन शिक्षकांनी चार इयत्ता एकत्र कशा सांभाळाव्यात, घरच्या बोलीतून पुस्तकी मराठीकडे मुलाला कसं आणावं, यावरचं संशोधन इथल्या गुरुजींना सोप्या मराठीत, पंधरा-वीस पानांत मिळायला हवं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे आणि छात्रसेवाकालही लांबला आहे. बी.एड.चे विद्यार्थी तुमच्या शाळेत आले की त्यांना गैरहजर शिक्षकांच्या तासांना जुंपू नका. तुमच्या सगळ्यात अनुभवी बाईंच्या वर्गात त्यांना आधी आठवडाभर मागे बसून पाहू द्या.