मनगटातील दबलेली नस आणि सोनोग्राफी



चामोर्शी तालुक्यात धानाची रोवणी असो, कापणी असो वा तेंदूपानांचे पुडे बांधणे असो,
सारा भार मनगटावर येतो;
आणि जोराच्या, वारंवार होणाऱ्या अशा हालचालींनी ज्या विकाराचा धोका वाढतो,
त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो.
त्यातून बोटे वाकवणाऱ्या 9 कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर,
आणि मीडियन नावाची नस जाते.
दाब वाढला की ही नस दबते,
आणि अंगठा व त्याच्या शेजारची बोटे, विशेषतः रात्री, बधिर होतात;
करंगळी मात्र सहसा वाचते.

दबलेली नस बोगद्याच्या तोंडाशी फुगते,
आणि ध्वनिलहरींनी चित्र काढणारी सोनोग्राफी नेमकी ही सूज दाखवते.
नसेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 10 चौरस मिलिमीटरहून अधिक भरल्यास निदानाला बळकटी येते.

पुन्हा लक्षात घ्यावे: नस दबते, म्हणून फुगते, आणि ती सूज सोनोग्राफीत दिसते.

या तपासणीत सुई नाही, विजेचा झटका नाही;
शिवाय नसेवर दाब आणणारी एखादी गाठही तीत आढळते.
तथापि, नसेतून संदेश किती वेगाने जातो, हे सोनोग्राफी सांगत नाही;
त्यासाठी विद्युत तपासणीच करावी लागते.

हा त्रास केवळ कामाचा थकवा समजून सोसला जातो, ही खेदाची गोष्ट आहे;
कारण आरंभी रात्री मनगटाला पट्टी बांधूनही अनेकांना आराम पडतो,
तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू झिजू लागल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.