ज्यू शाळांस मुख्याध्यापक हवेत



मुंबईच्या बेने इस्राएल समाजाची १८७५ सालीं स्थापन झालेली एक शाळा आहे. आज ती सर एली कदूरी या नांवानें ओळखली जाते. रिबेका रूबेन या विदुषीनें १९२२ पासून १९५० पर्यंत, म्हणजे २८ वर्षें, तिचें मुख्याध्यापकपद सांभाळलें. एकाच बाईंच्या नजरेखालीं बाप आणि लेक दोघेही शिकून गेले असतील! अशीं माणसें मिळेनाशीं कां होतात, हा प्रश्न अमेरिकेंतील ज्यू समाजापुढें उभा आहे.

तेथें ज्यूंच्या स्वतंत्र पूर्णवेळ शाळा आहेत. १९९८-९९ सालीं त्या ६७६ होत्या. वीस वर्षांनीं ९०६ झाल्या आणि विद्यार्थी २,९२,००० वर गेले. मुलें वाढलीं, परंतु शाळा चालविणारीं माणसें त्या मानानें निपजलीं नाहींत.

याचें कारण त्या पदाच्या स्वरूपांतच आहे. पुष्कळ शाळांत दिवसाचा एक भाग हिब्रू व तोरा यांस, तर दुसरा गणित, विज्ञान, इंग्रजी यांस दिलेला असतो. मुख्याध्यापक दोहोंत मुरलेला हवा. शिवाय राज्यघटनेनें सरकार व धर्म यांत अंतर ठेविल्यामुळें खर्च मुख्यत्वेंकरून फी व देणग्या यांवर चालतो. म्हणजे सकाळीं धर्मग्रंथाचा अर्थ सांगणाऱ्यानें दुपारीं पालकांचीं गाऱ्हाणीं ऐकावीं आणि सायंकाळीं देणगीदारांचे उंबरठे झिजवावे! चांगला शिक्षक हें पाहतो आणि आपला वर्गच बरा म्हणतो. त्याला दोष कसा द्यावा?

त्यांतही कित्येक शाळांचा पट शंभराच्या आंत. तेथें उपमुख्याध्यापक परवडत नाहीं; म्हणून उद्याचा मुख्याध्यापकही तयार होत नाहीं. जागा रिकामी झाली म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्याची धांवपळ सुरू होते.

न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीनें होतकरू मंडळींस अनुभवी मुख्याध्यापकांच्या हाताखालीं तयार करण्याचा उपाय योजिला. उपाय योग्य आहे, पण अपुरा. तयार केलेल्या माणसावर तेंच तिहेरी ओझें लादलें, तर तोही थोड्याच वर्षांत थकेल. देणग्यांची चिंता समाजानें आपल्या शिरावर घ्यावी आणि मुख्याध्यापकाला मुलांमध्यें राहूं द्यावें.

१९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबें मोठ्या संख्येनें इस्राएलला गेलीं. मुंबईची ती शाळा उरली; तिच्यांत ज्यू मुलें मात्र अगदीं थोडीं राहिलीं. अमेरिकेंत मुलें आहेत. त्यांना घडविणाऱ्याला जपणें समाजाच्या हातीं आहे.