घराण्याच्या इतिहासाची पहिली पायरी : घर, मंदिर आणि इंटरनेट

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त कन्हान येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



एखादी संस्था पन्नास वर्षांची झाली की तिची इतिवृत्त पुस्तके उघडली जातात. पहिली सभा केव्हा झाली, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, वर्गणी किती जमली, हे सारे शाईत उमटलेले सापडते. परंतु त्या सभेत सही करणारा गृहस्थ मूळ कोणत्या गावचा, त्याचे वडील या भागात का आले, त्याच्या आजीचे माहेर कोणते, हे सांगणारे पुस्तक बहुधा कोठेच नसते. ते ज्यांच्या स्मरणात आहे ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. संस्थेचा इतिहास कपाटात सुरक्षित राहतो. कुटुंबाचा इतिहास मात्र एखाद्या वृद्ध मातेच्या देहावसानाबरोबर कायमचा संपू शकतो.

नव्या पिढीला या विषयाची जिज्ञासा आहे, ही आनंदाची बाब होय. तरुण मुले-मुली मोबाईलवर आपले आडनाव टाकून वंशावळ शोधू लागतात आणि दहा मिनिटांत निराश होतात. दोष इंटरनेटचा नाही, शोधाच्या क्रमाचा आहे. इंटरनेट हे विशाल ग्रंथालय आहे. परंतु कोणते कपाट उघडावयाचे हे ठाऊक नसेल तर ग्रंथालयाचा उपयोग होत नाही. कपाटाची किल्ली घरातच असते.

पहिली किल्ली : घरातील ज्येष्ठ

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे, हा या अभ्यासाचा पहिला नियम. प्रथम स्वतःचे, मग आई-वडिलांचे, मग आजी-आजोबांचे नाव, जन्मस्थान व अंदाजे वर्ष एका वहीत लिहावे. त्यानंतर घरातील ज्येष्ठांजवळ शांतपणे बसावे आणि त्यांच्या संमतीने त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. ‘आपला इतिहास सांगा’ असे विचारल्यास उत्तर येत नाही. ‘तुमचे लग्न कोणत्या गावी झाले? वऱ्हाड कसे गेले? दुकान प्रथम कोठे होते? जाऊळ कोठे काढत? कुलदेवीला कोणत्या गावी जात?’ असे लहान प्रश्न विचारले की आठवणींची गाठ सुटते.

त्यानंतर घरातील कागद पाहावेत : जुन्या लग्नपत्रिका, आहेराची वही, दुकानाच्या चोपड्या, शाळा सोडल्याचा दाखला, घराची आखीव पत्रिका, रेल्वे किंवा कोळसा खाणीतील नोकरीचे कागद. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या चोपड्या रद्दीत जातात. त्यातील एका पानावर मूळ गावच्या पेढीचे नाव असू शकते, आणि तेवढे एक नाव पुढील सर्व शोधाला दिशा देऊ शकते.

येथे माता-भगिनींचे स्थान विशेष आहे. बहुतेक वंशावळीत केवळ पुरुषांची नावे आढळतात. तथापि जैन समाजाच्या विवाहपद्धतीने स्त्रीचे कुळ विसरू दिले नाही. परवार समाजात १२ गोत्रे व प्रत्येक गोत्रात १२ मूर, अशी १४४ मुरांची परंपरा आहे, आणि संबंध जुळविताना आठसाखे, चौसाखे पाहिले जात. ओसवालांत स्वतःचे, आईचे, आजीचे व आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याचा रिवाज होता. म्हणजे आजीचे नाव कागदावर नसले तरी तिचे गोत्र कोणाच्या तरी मुखी आहे. ते आजच लिहून घ्यावे. कारण नव्या विवाहांत ही विचारणा कमी होत चालली आहे.

दुसरी किल्ली : जुनी नावे

समजा, कन्हानमधील एका कुटुंबाला एवढेच ठाऊक आहे की पणजोबा ‘मारवाडातून कामठीस आले’. नदीपलीकडील कामठीची लष्करी छावणी १८२१ सालची. छावणीमागे बाजारपेठ आली आणि बाजारपेठेमागे व्यापारी आले. पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कामठीचा व्यापार ओसरू लागला. १८८१ च्या जनगणनेत सुमारे ५१ हजार असलेली कामठीची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ३९ हजारांवर आली. म्हणून पणजोबांची नोंद कामठीत न सापडल्यास कुटुंब मध्यंतरी अन्य गावी गेले होते काय, हेही पाहावे लागते.

अशा कुटुंबाने इंटरनेटवर ‘महाराष्ट्र’ असा शब्द टाकल्यास १९१० सालचा कागद सापडणार नाही. नागपूर १८५३ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात होते. १८६१ पासून मध्य प्रांतात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ व ‘सी. पी. अँड बेरार’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोध घ्यावा. कामठीचे इंग्रजी स्पेलिंगही जुन्या कागदांत वेगळे, म्हणजे ‘काम्पटी’ असे वाचले जाईल असे, आढळते. आज कन्हान पारशिवनी तालुक्यात आहे. परंतु जुने दप्तर पाहताना रामटेक व नागपूर या तहसिलींची नावेही तपासावीत.

आडनावाबाबतही हीच दक्षता हवी. ‘जैन’ हे आडनाव अनेक कुटुंबांत अलीकडचे आहे. जुन्या कागदांत त्याच व्यक्तीपुढे गोत्र, जात, मूळ गाव किंवा ‘बनिया’, ‘मारवाडी’, ‘सरावगी’ असे शब्द असू शकतात.

तिसरी किल्ली : संकेतस्थळे

जमिनीच्या नोंदींसाठी महाराष्ट्र शासनाचे ‘महाभूलेख’ हे संकेतस्थळ सर्वांना परिचित आहे. जुने सातबारे व फेरफार यांच्या स्कॅन केलेल्या प्रती ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करून पाहता येतात; मात्र ज्या गावांचे दप्तर तेथे चढविले गेले आहे, त्यांचेच. फेरफारात वारसांची नावे लागत असल्याने तो पिढ्या जोडणारा उत्तम पुरावा होय. विदर्भात याखेरीज कोतवाल बुक आहे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या ज्या नोंदी ठेवी, त्यांत जातीचाही उल्लेख असे. या वह्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अशा जुन्या नोंदी अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. शाळांतील दाखल-खारीज रजिस्टरही तितकेच महत्त्वाचे आहे.

गावाची पार्श्वभूमी जाणण्यासाठी नागपूर जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियर आणि रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ उपयुक्त आहे. हा ग्रंथ ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ व ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर विनामूल्य आहे. त्यात जैन धर्मावर, तसेच ओसवाल, परवार, खंडेलवाल, अग्रवाल आदी समाजांवर स्वतंत्र लेख आहेत. मात्र तो प्रशासकांच्या दृष्टीने लिहिलेला आहे. त्यातील उत्पत्तिकथा हा कोणत्याही एका कुटुंबाचा पुरावा नव्हे.

जैन ग्रंथांसाठी ‘जैन ई-लायब्ररी’ हे मोठे भांडार आहे. विदर्भातील कुटुंबांसाठी डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) हा ग्रंथ विशेष मोलाचा. कारंजा येथील सेनगण, बलात्कारगण आदी परंपरांच्या भट्टारकांचे काळ, मूर्तिलेख व ग्रंथप्रशस्ती त्यात एकत्र केल्या आहेत. त्यांत श्रावकांची नावे, जाती व गोत्रे येतात.

‘फॅमिलीसर्च’ हे विनामूल्य परदेशी संकेतस्थळही पाहावे. तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांची असंख्य छायाचित्रे तेथे आहेत. उत्तरेकडून आलेल्या काही जैन, विशेषतः अग्रवाल, कुटुंबांच्या नोंदी अशा वह्यांत असू शकतात. या वह्या सामान्यतः मूळ गाव व जातीनुसार लावलेल्या असतात. म्हणून केवळ आडनाव टाकून त्या उघडत नाहीत. शिवाय लिपीची अडचण येते. भोसलेकालीन दप्तर मराठी मोडीत आहे, तर मारवाडी व्यापाऱ्यांची मुडिया लिपी निराळी असून तीत मात्रा बहुधा गाळलेल्या असतात. एक लिपी जाणणाऱ्यास दुसरी वाचता येईलच असे नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ ठेके, अर्ज, तंटे अशा शासकीय पत्रव्यवहारासाठी पाहावे.

एका ठिकाणी मात्र वेळ दवडू नये. इंग्लंड-अमेरिकेतील लोक जुन्या जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांवरून वंशावळ काढतात. भारतात तसे करता येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. छापील अहवालांत केवळ आकडे मिळतात.

मूर्तिलेख : पुरावा आणि चकवा

मंदिरातील मूर्तीच्या पादपीठावर संवत, तिथी, भट्टारक, श्रावक, जात व गोत्र कोरलेले असते. असा लेख म्हणजे कौटुंबिक इतिहासाचा शिलालेखच. परंतु तो वाचताना विवेक हवा. संवत १५४८, वैशाख सुदी ३ हा लेख भारतभरातील असंख्य दिगंबर मंदिरांत आढळतो. शाह जीवराज पापडीवाल यांनी मुडासा येथे भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते प्रतिष्ठा करवून त्या मूर्ती दूरदूर पाठविल्या. म्हणून आपल्या मंदिरात हा लेख आढळला तरी गावात पाचशे वर्षांपूर्वी जैन वस्ती होती, किंवा पापडीवाल आपले पूर्वज होते, असे सिद्ध होत नाही. मूर्ती प्रवास करते. कुटुंबही प्रवास करते. दोघांचे मार्ग एकच असतील असे नाही.

कालगणनाही जपून करावी. विक्रम संवतातून ५७ (वर्षाच्या काही महिन्यांत ५६) वजा केल्यास इसवी सन मिळतो. शकात ७८ (वर्षाखेरीस ७९) मिळवावे. वीर निर्वाण संवतातून ५२६ (काही महिन्यांत ५२७) वजा करावे. फसली सनात प्रदेशानुसार ५९० ते ५९३ मिळवावे लागतात. मूळ तिथी व संवत जसाच्या तसा लिहून त्यापुढे इसवी सन द्यावा. चूक झाल्यास ती सुधारता येते.

सत्याचा आग्रह

संकेतस्थळांवर कोणीही आपली वंशावळ चढवू शकतो, आणि पुष्कळांना आपले मूळ एखाद्या राजघराण्याशी जोडण्याचा मोह होतो. सत्यव्रताचा संस्कार असलेल्या समाजाने हा मोह टाळावा. प्रत्येक नावापुढे ‘कोणी सांगितले, कोठे वाचले, केव्हा’ एवढे लिहावे. ऐकीव माहितीस ऐकीव म्हणावे. पणजोबा कर्ज बुडाल्यामुळे किंवा दुष्काळामुळे गाव सोडून आले असतील, तर तेही तसेच नोंदवावे. त्यात कमीपणा नाही. रिकाम्या हाती आलेल्या माणसाने येथे घर उभे केले, हाच त्या घराचा गौरव आहे.

तसेच हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, आईचे माहेरचे आडनाव किंवा आधारपत्राची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवू नयेत. अशी माहिती फसवणुकीसाठी वापरली जाते. दिवंगतांचा इतिहास खुला असावा, हयातांचा घरात.

आणि आता आपले कर्तव्य. प्रत्येक कुटुंबाने चार पिढ्यांचा एक तक्ता, स्त्रियांच्या नावांसह व गोत्रांसह, तयार करावा. मंदिरातील जुन्या पंचायत वह्या व मूर्तिलेख यांची छायाचित्रे पंचांच्या अनुमतीने काढून दोन ठिकाणी जतन करावीत. कामाची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर आज सायंकाळी घरातील ज्येष्ठांच्या शेजारी बसून करावी. संकेतस्थळ उद्याही उघडेल. त्यांच्याजवळची माहिती उद्या मिळेलच याची शाश्वती नाही.

संस्थेच्या शताब्दीच्या वेळी जे बालक व्यासपीठासमोर बसलेले असेल, त्याने ‘माझ्या पणजीचे नाव काय?’ असे विचारल्यास त्याला उत्तर देणारी एक वही या गावात असावी, ही मंगल कामना. जय जिनेंद्र!