विद्युत्-करवतीची निवड
(देहूरोड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही करवत धरावयास शिकलो त्या काळी चुकीची शिक्षा म्हणजे थोडेसे सालटे निघणे. हल्ली शिक्षा फार मोठी झाली आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याच्या डाव्या तर्जनीचे एक पेर गेले. तेव्हापासून ह्या विषयावर बोलावे असे मनात होते.

देहूरोडपासून चाकणपर्यंत कारखान्यांना पाइनची खोकी लागतात, नव्या सदनिकांना कपाटे. काम भरपूर आहे. परंतु ते आपण करतो कशाने? फरशी कापण्याच्या चार इंची यंत्राने, ज्यास आपण नुसते ‘कटर’ म्हणतो! ते स्वस्त व हलके, म्हणून त्यावर दातांचे पाते चढवून सर्रास प्लायवूड कापले जाते.

फरशीची चकती घासून कापते. म्हणून ते यंत्र मिनिटास १२,००० च्या आसपास फेरे घेते, आणि त्याचे झाकण अर्धेच, तेही जागच्या जागी घट्ट. लाकडासाठी बनविलेल्या सात इंची हातकरवतीचे फेरे ५,००० च्या घरात असतात. तिचे खालचे झाकण स्प्रिंगवर चालते. लाकडात शिरताना मागे सरते, बाहेर पडताच पात्यावर मिटते. कटर उचलले की दात उघडेच फिरतात. खटका अडकवून ठेवला असेल तर बोट काढल्यावरही फिरत राहतात. पुतण्याचे बोट गेले ते काप पुरा झाल्यावर, यंत्र खाली ठेवताना.

दुसरे संकट उसळीचे. दोन टोकांवर टेकलेली फळी मध्ये कापली की वाकते, चीर मिटते, पाते धरले जाते आणि यंत्र कापणाऱ्याच्या अंगावर येते. टेबल-करवतीवर पात्यामागे पोलादी पट्टी उभी असते ती चीर मिटू नये म्हणूनच. ‘आड येते’ म्हणून ती काढून ठेवणाऱ्यांत एकेकाळी आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

वळणाच्या कापास जिगसॉ घ्यावी. जुन्या खोक्यांच्या फळ्यांतील खिळे आधी काढावे. आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत. मोजा दातांत सापडला तर हातही ओढला जातो. चष्मा मात्र हवाच.

१९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रांच्या धोक्याच्या भागांना आडोसा सक्तीचा केला; परंतु गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात कपाट करणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत कोणी निरीक्षक आला नाही. तेथे पाहणारे आपणच. मुलाच्या लग्नात मांडवावर हात सैल सोडणारा बाप करवतीच्या किमतीत घासाघीस करतो, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

पुतण्याने गेल्या दिवाळीत लाकडाची करवत घेतली. त्याच्या जुन्या कटरचे पाते आम्ही येथे आणले आहे, ते आपण हातोहात फिरवावे. त्यावर फेऱ्यांची मर्यादा ९,००० छापलेली आहे. ज्या यंत्रावर ते चढविले होते त्यावर १२,००० लिहिले होते.