काळोखी पेटी आणि ओली काच



कॅमेऱ्याची पेटी ही छायाचित्रणाहून शेकडो वर्षांनी वडील आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीस बारीक छिद्र असले म्हणजे बाहेरचा रस्ता आणि माणसे समोरच्या भिंतीवर उलटी उमटतात, या चमत्काराचा अभ्यास अरब पंडित इब्न अल हैथम याने अकराव्या शतकातच केला होता. आणि पुढे युरोपातील चित्रकार त्याच खोलीची लहान पेटी करून, छिद्रात भिंग बसवून, आत पडलेल्या प्रतिमेवरून रेषा गिरवीत असत. कॅमेरा होता, नव्हते ते त्या प्रतिमेला धरून ठेवणारे द्रव्य. ते द्रव्य सापडल्यापासूनच्या शंभर वर्षांत पेटीने आपण होऊन फारसे काही केले नाही, तिच्या पोटातील द्रव्य जसजसे पालटले तसतशी तिला आपली काया पालटावी लागली, असे माझे मत आहे.

फ्रान्समधील न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर एक प्रकारचे डांबर फासून, तो पत्रा पेटीत घालून पेटी आपल्या खिडकीत मांडली. आणि चित्र उमटावयास निदान आठ तास लागल्यामुळे, सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उजळून गेला. त्याचा भागीदार दागेर याने हा वेळ काही मिनिटांवर आणला. त्याची कृती फ्रेंच सरकारने तहहयात तनखा देऊन घेतली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगास खुली केली; इंग्लंडपुरता मक्ता मात्र या गृहस्थाने पाचच दिवस अगोदर नोंदवून ठेविला होता! परंतु रुप्याच्या मुलाम्यावरचे त्याचे चित्र कितीही रेखीव असले, तरी त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅलबट १८३५ पासून लहान लहान लाकडी पेट्या घराभोवती मांडून ठेवी, आणि त्याची पत्नी त्यांना उंदरांचे सापळे म्हणे. त्या सापळ्यांत सापडली ती निगेटिव्ह, जीवरून वाटेल तितक्या प्रती काढता याव्यात. कीर्ती दागेरला मिळाली. माझ्या हिशेबी थोर तो टॅलबट.

१८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने कलोडियनची ओली काच प्रसिद्ध केली, आणि तिचा मक्ता घेतला नाही. सहा वर्षांनी तो दारिद्र्यात वारला. या काचेचा थाट असा की, तिच्यावर कलोडियनचा चिकट द्रव समतोल ओतावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावयाची, ओली असतानाच पेटीत घालावयाची, आणि सुकण्यापूर्वीच अंधारात परत आणून धुवावयाची; म्हणजे हा सारा संसार दहा-पंधरा मिनिटांत आटपावा लागे, आणि उन्हाळी मुलुखात तर त्याहूनही लवकर. म्हणून छायाचित्रकारास अंधारखोलीच तंबूच्या रूपाने पाठीशी न्यावी लागे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार हिमालयात गेला तो काचा, रसायनांच्या बाटल्या आणि तंबू वाहणाऱ्या हमालांचा तांडा घेऊनच. आणि १८६६ साली मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहूनही वर, त्याने याच रीतीने काचा भिजविल्या. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तीत सामील झाले, तो काळही याच ओल्या काचेचा.

१८७१ मध्ये मॅडॉक्स या डॉक्टराने जिलेटिनचा थर सुचविला, आणि थोड्याच वर्षांत कोरडी काच बाजारात मिळू लागली. ती इतकी चपळ निघाली की, तोवर भिंगावरचे टोपण हाताने काढून मनात आकडे मोजणाऱ्या माणसाचा हात तिला अपुरा पडू लागला. सेकंदाचा अंश मोजण्यास यांत्रिक शटर आले, तिवईची सक्ती उठली, आणि पेटी हातात आली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. काचेच्या जागी रीळ आले, आणि १८८८ साली अमेरिकेत ईस्टमनने शंभर चित्रांचे रीळ भरलेला कोडॅक २५ डॉलरांस विकावयास काढला. चित्रे संपली की गिऱ्हाइकाने कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात धाडून द्यावा! १९०० साली त्याचा ब्राऊनी कॅमेरा एका डॉलरास मिळू लागला. जर्मनीत ऑस्कर बार्नाक याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन तिच्याच मापाने कॅमेरा बेतला, आणि १९२५ साली तो लायका या नावाने खिशात मावेल अशा आकारात विक्रीस आला.

जुन्या पेट्या दिवाणखान्यात हौसेने मांडल्या जातात. काचा मात्र अडगळीत जातात. आपल्या माळ्यावर अशी एखादी निगेटिव्ह काच सापडली, तर तिचा थर खरवडून ती तसबिरीस लावू नका. प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात घालावी, एकीवर एक न रचता कोरड्या जागी कडेवर उभी ठेवावी, आणि चित्र कोणाचे व कोठले हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून पाकिटावर आधीच लिहून ठेवावे.